एका रुपयाचा अधिकार

2024 सालच्या उन्हाळ्यात, 7 मेच्या लोकसभा मतदानापूर्वी, जुळे सोलापूरच्या रस्त्यांवरून कर्णे बांधलेल्या प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या, तेव्हा त्या रिक्षांचे भाडे, सभेचा मंडप, फार काय कार्यकर्त्यांचा चहादेखील जिल्हा निवडणूक कचेरीच्या दरपत्रकाप्रमाणे उमेदवाराच्या खाती मांडावयाचा होता. कारण महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराने 95 लाख रुपयांहून अधिक खर्च करू नये, असा दंडक आहे. ही रीत अंगवळणी पडलेल्या मतदारास अमेरिकी संसदेच्या निवडणुकांचा जमाखर्च पाहून अचंबाच वाटेल, कारण तेथे खर्चाला मर्यादाच नाही.

मर्यादा आहे ती देणाऱ्यास. अमेरिकी कायदेमंडळाने 1974 साली देणगी व खर्च या दोहोंनाही बांध घातला होता. परंतु 30 जानेवारी 1976 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, मत मांडण्यासाठी पैसा खर्चणे हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग होय, म्हणून खर्चाची मर्यादा अवैध. मात्र मोठ्या देणगीने घेणारा मिंधा होतो, म्हणून देणगीची मर्यादा वैध. 2022 च्या निवडणुकीत एका व्यक्तीस एका उमेदवाराला दर निवडणुकीमागे 2,900 डॉलरच देता येत होते, आणि 200 डॉलरांवरील दात्याचे नाव व व्यवसाय निवडणूक आयोगाच्या दप्तरी नोंदवावे लागत होते. स्वतःच्याच पैशाने मात्र कोणी स्वतःचा मिंधा होत नाही. सबब उमेदवाराच्या थैलीला मुभा राहिली. पुढे 2010 च्या न्यायनिर्णयांनी आणखी एक दरवाजा उघडला: उमेदवाराशी संगनमत न करता प्रचार करणाऱ्या ‘सुपर पॅक’ नामक समित्या कंपन्यांकडूनही अमर्याद निधी घेऊ लागल्या.

हे दोन्ही दरवाजे एकाच लढतीत पाहावयाचे तर आपल्याच एका माणसाची निवडणूक पाहावी. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि रसायनशास्त्राच्या बळावर उद्योजक झालेले श्री ठाणेदार 2 ऑगस्ट 2022 रोजी डेट्रॉईट परिसरातून डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे होते. त्यांनी स्वतःचे लक्षावधी डॉलर ओतले. उलट, एका सुपर पॅकने त्यांचे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांच्यासाठी सुमारे 40 लाख डॉलर खर्चिले. ठाणेदार जिंकले, आणि नोव्हेंबरात संसदेवर निवडून गेले.

तथापि उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे म्हणून आपण शेफारून जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे उमेदवाराचे हात बांधले, परंतु पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादा नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खाती धरावा असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये म्हटले, तेव्हा त्याच वर्षी वटहुकूम काढून तो निर्णय निष्प्रभ करण्यात आला. सोलापुरी चादरीची नक्षी जशी दोन्ही अंगांनी एकच, केवळ रंग उलटे, तशीच ही गत आहे: तेथे दात्यावर पहारा आणि खर्च मोकळा, येथे उमेदवारावर पहारा आणि पक्ष मोकळा; पैसा मात्र दोन्हीकडे पहारा नसलेल्या वाटेनेच जातो.

म्हणून खरा पहारा वाचकाचा. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराने आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, दाखल करावयाचा असतो, आणि तो पाहण्याचा अधिकार कोणाही नागरिकास आहे. नियमात त्याचे शुल्क लिहिले आहे: एक रुपया.