सळई जास्त टाकली की घर मजबूत होतं? सोलापुरातल्या सिव्हिलच्या वर्गात याचं उत्तर 'नाही' असं शिकवतात

घराचा स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी मालक साईटवर येतो, सळयांची जाळी बघतो आणि मिस्त्रीला म्हणतो, "अजून दोन-चार गज टाका की, पैशाचं बघू नका." घर आयुष्यात एकदाच बांधायचं असतं, त्यामुळे त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही.

पण सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (१९८३ साली सुरू झालेलं हे कॉलेज) किंवा जिल्ह्यातल्या इतर इंजिनिअरिंग कॉलेजांत सिव्हिल करणाऱ्या पोरांना विचारा. आरसीसी डिझाईन हा विषय आला की ती मान डोलावतील आणि सांगतील, गरजेपेक्षा जास्त सळई टाकलेला बीम जास्त धोकादायक ठरू शकतो.

आता हे कसं काय?

आधी साधी गोष्ट. काँक्रीटला दाबलं तर ते भरपूर सहन करतं, पण ओढलं की पटकन तडकतं. बीमवर वजन आलं की तो खाली वाकतो, म्हणजे त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. म्हणून खालच्या बाजूला सळई, कारण ताण घेणं हे तिचं काम. ही जोडी जमते त्यामागं एक मजेशीर कारण आहे. तापल्यावर स्टील आणि काँक्रीट जवळपास सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. तसं नसतं तर सोलापूरच्या मे महिन्यात एकेक स्लॅब आतून सुटा झाला असता. (या जोडीचं सुरुवातीचं पेटंट, १८६७ सालचं, जोसेफ मोनिए नावाच्या एका फ्रेंच माळ्याकडे होतं. त्याला फुलझाडांच्या कुंड्या फुटू द्यायच्या नव्हत्या.)

मग जास्त सळई नको का? तर विषय असा आहे की बीम कधी ना कधी त्याच्या ताकदीच्या पलीकडे ओढला जाऊ शकतो, आणि तेव्हा तो कसा मोडणार हे डिझाईन करणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं. आपल्याकडच्या आयएस ४५६ : २००० या कोडनुसार वाकणाऱ्या बीममधलं काँक्रीट ०.३५ टक्के आकसलं की ते चिरडलं गेलं असं धरतात. सळईचं तसं नाही. ती तुटायच्या आधी दहा-बारा टक्के किंवा त्याहून जास्त लांबते.

सळई प्रमाणात असेल तर आधी सळई ताणली जाते. बीम झुकतो, खाली तडे दिसतात, माणसं बघतात आणि बाहेर पडतात. सळई भरमसाठ असेल तर ती ताणलीच जात नाही आणि वरचं काँक्रीट आधी चिरडतं. तिथं ना झुकणं, ना तडे, इशारा काहीच मिळत नाही. म्हणून कोडमध्ये सळईला वरची मर्यादा घातलेली आहे. परीक्षेत 'अंडर रिइन्फोर्स्ड' आणि 'ओव्हर रिइन्फोर्स्ड' असा पाच मार्कांचा प्रश्न येतो, त्याचा खरा अर्थ माणसाला पळायला वेळ मिळेल की नाही हा आहे.

१० बाय १२ ची खोली

या विषयाचा पहिला धक्का बसतो तो वजनाच्या हिशोबात. १० बाय १२ फुटांची खोली घ्या, पाच इंची स्लॅब. एक घनमीटर आरसीसीचं वजन साधारण अडीच टन धरतात. म्हणजे या एका स्लॅबचं स्वतःचंच वजन साडेतीन टनांच्या आसपास जातं. आणि आपण? माणसं, कॉट, कपाट, पाहुणे असं सगळं मिळून कोड राहत्या घरासाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरायला सांगतो. या खोलीला ते सव्वादोन टन होतात. म्हणजे घराची बरीचशी ताकद स्वतःचंच ओझं पेलण्यात जाते. वर फरशीचं वजन, मग सगळ्याला दीडने गुणायचं, आणि तिथून पुढे डिझाईन सुरू होतं.

गॅलरीत मात्र सगळं उलटं. गॅलरी भिंतीतून बाहेर आलेली, टोकाला आधार नाही, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळईही वरच लागते. वर्गात हे एका आकृतीत संपतं. साईटवर स्लॅब भरताना घमेली घेतलेले लोक त्याच वरच्या सळयांवरून चालतात. खाली चेअर नीट लावलेल्या नसतील तर सळई दीड इंच खाली बसते. पाच इंची गॅलरीत एवढ्यानं ताकद ४० टक्क्यांच्या आसपास कमी होऊ शकते. ड्रॉईंग बरोबर, सळई बरोबर, सिमेंट बरोबर, तरीही. माझ्या मते घर बांधणाऱ्यानं एकच गोष्ट स्वतः उभं राहून बघायची असेल तर ती ही.

किल्लारी लांब नाही

सोलापूरच्या पोरांना भूकंपाचं प्रकरण पुस्तकातलं वाटत नाही, कारण किल्लारी इथून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेल्या घरांत. त्या वेळच्या नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. पुढे २००२ साली नकाशा बदलला. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये आहे.

म्हणजे आरसीसी केलं की झालं का? तर नाही. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं आणि केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये आरसीसी अपार्टमेंट कोसळल्या. त्यातल्या अनेकांच्या तळमजल्यावर मोकळं पार्किंग होतं. वर भिंतीच भिंती, खाली नुसते कॉलम. सगळी हालचाल त्या एका मजल्यात होते आणि कॉलम मान टाकतात. आज सोलापुरात कुठल्याही नव्या अपार्टमेंटखाली गाडी लावताना वर बघा, रचना तीच दिसेल. ती वाईटच असते असं नाही, पण त्या कॉलमचं डिझाईन वेगळ्यानं करावं लागतं.

त्यातली एक बारीक गोष्ट म्हणजे रिंग. कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणारी रिंग टोकाला काटकोनात वाकवली तर हादऱ्यात ती उघडते आणि सळया बाहेर फुगतात. आयएस १३९२० सांगतो की टोक १३५ अंशात, म्हणजे कॉलमच्या पोटात वाकवा, आणि वाकवल्यावर पुढं किमान ६५ मिलिमीटर सोडा. शिवाय बीम-कॉलमच्या जोडाजवळ रिंगा दाट. फिटरला हे त्रासाचं काम वाटतं, म्हणून पहिल्यांदा तेच सुटतं. सळईच्या नावापुढचा 'डी' पण इथलाच. एफई ५०० सळई किमान १२ टक्के लांबली पाहिजे, एफई ५०० डी किमान १६ टक्के. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, तिथं नुसता 'दम' असतो.

आता शेवटचा मुद्दा पाण्याचा. कोड म्हणतो, उष्ण आणि कोरड्या हवेत काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारा, आणि बाजारात सध्या सर्रास मिळणारं पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस मारलेलं बरं. हा नियम वाचणारा विद्यार्थी ज्या शहरात बसलेला असतो, तिथं पारा ४४ च्या पुढं जातो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे मे महिन्यात स्लॅब टाकायचा असेल, तर स्लॅबच्या तारखेआधी टँकरवाल्याशी बोलून ठेवावं लागतं.