भूगर्भातील गारवा : लाभ आणि खर्च

उन्हाळ्यात सिल्वासा शहरातील डोकमर्डी येथे दुपारची हवा तापते. मात्र जमिनीखाली ४-५ मीटरवर तापमान बारमाही सुमारे २७ अंश सेल्सिअस असते. या फरकाचा उपयोग इमारती थंड ठेवण्यासाठी करता येतो.

एका पद्धतीत जमिनीत पुरलेल्या नळांतून हवा खेळवून खोल्यांत सोडतात. हरियाणातील ग्वाल पहाडी येथील ‘टेरी’ संस्थेच्या इमारतीत अशी योजना करण्यात आली. तिला वीज अल्प लागते. परंतु पावसाळ्यातील दमटपणा हटत नाही. दुसरी पद्धत उष्मापंपाची. साधे वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता तापलेल्या हवेत टाकते. उष्मापंप ती थंड जमिनीत सोडतो, म्हणून वीज वाचते.

तथापि काळ्या कातळात खोल विंधन विवरे घेणे खर्चाचे आहे. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतील उष्णता परत घेऊन घरे उबदार ठेवतात. येथे ती गरज नसल्याने तो लाभ मिळत नाही, आणि विवरांभोवतीची जमीन हळूहळू तापत जाते.

म्हणून एकेका घरास ही योजना सहसा परवडणार नाही. रात्रंदिवस गारवा लागणाऱ्या रुग्णालयासारख्या नव्या इमारतीसाठी मात्र पायाखोदाईपूर्वीच तिचा हिशेब करावा. इतरांनी प्रथम छपरास पांढरा रंग, पश्चिमेस झाडे व खेळती हवा यांकडे लक्ष द्यावे. हा गारवा अल्प खर्चात मिळतो.