रेघांमधला ठिपका

लडाखमधल्या हानले गावाजवळ, समुद्रसपाटीपासून ४,५०० मीटर उंचीवर, ग्रोथ-इंडिया नावाची ७० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून ती चालवतात. २०१८पासून ती काम करते आहे. पूर्ण स्वयंचलित अशी ही देशातली पहिलीच संशोधन-दुर्बीण, म्हणून संपादकांना तिच्या स्वयंचलितपणावर लेख हवा होता. माझं लक्ष मात्र तिच्या काही फोटोंवर अडकलं.

या फोटोंत तारे दिसतच नाहीत. दिसतात त्या रेघा, सगळ्या सारख्या लांबीच्या आणि एकाच दिशेला कललेल्या. त्यांच्या गर्दीत एखादाच नेटका गोल ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे पृथ्वीजवळून चाललेला लघुग्रह.

एरवी दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरते. मग लघुग्रहाची रेघ उमटते, त्याचा मुळातच अंधुक प्रकाश त्या रेघेभर पसरतो आणि तो दिसेनासा होतो. म्हणून इथे दुर्बीण लघुग्रहाच्याच वेगाने फिरवतात. तो ठळक होतो, पण त्याची जागा मोजायची ती आजूबाजूच्या ताऱ्यांवरून, आणि आता रेघा झालेल्या असतात त्या ताऱ्यांच्या. खुलेपणाने मिळणारी मोजणीची सॉफ्टवेअर अशा रेघांना तारे मानायला तयारच नव्हती.

ही अडचण आयआयटीतल्या विद्यार्थिनी कृती शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘अ‍ॅस्ट्रीक्स’ ही प्रणाली रेघा ओळखते, त्यांवरून ताऱ्यांच्या जागा ठरवते आणि लघुग्रहाचं स्थान काढते. ११५ लघुग्रहांच्या ३७१ फोटोंवर ती तपासली गेली आणि एकाही फोटोत अडली नाही. त्यातल्या काही फोटोंत रेघा ५८२ पिक्सेलपर्यंत लांब होत्या. चूक साधारण अर्ध्या विकलेची (विकला म्हणजे कोन मोजण्याचं एक अगदी छोटं एकक). दहा लाख किलोमीटरवरच्या दगडाच्या बाबतीत ती जेमतेम अडीच किलोमीटर भरते. मला हे काम फार मोठं वाटतं. तपासलेल्यांतले सर्वांत वेगवान लघुग्रह मिनिटाला १४० विकला सरकत होते, म्हणजे घड्याळ एक सेकंद चुकलं तरी स्थान दोन विकलांहून जास्त हुकणार.

एवढा आटापिटा कशासाठी? नवा लघुग्रह सापडला की त्याची कक्षा सुरुवातीला अगदी ढोबळ असते. काही तासांत कोणी पुन्हा पाहिला नाही, तर तो हरवू शकतो. अमेरिकेत उजाडतं तेव्हा भारताची रात्र सुरू व्हायची असते, आणि त्या रात्री पाठलाग पुढे न्यायला हानले मोक्याच्या जागी आहे. असे दगड किती नकळत निसटतात पाहा: १६ ऑगस्ट २०२० रोजी ‘२०२० क्यूजी’ हा तीन ते सहा मीटरचा लघुग्रह पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून गेला. कॅलिफोर्नियातल्या झ्विकी सर्वेक्षणाच्या फोटोंत तो पहिल्यांदा हेरला आयआयटी मुंबईच्याच कुणाल देशमुख या विद्यार्थ्याने. पण ते फोटो निघाले तेव्हा लघुग्रह जवळून निघून गेल्याला सुमारे सहा तास झाले होते.

आता काळजीचं. स्वयंचलित म्हणजे बिनमाणसांची नव्हे. आयआयटी मुंबई जिथे आहे त्या पवईहून हानले दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो, हवा विरळ. अशा ठिकाणी आरशावरची धूळ, अडलेला घुमट, बंद पडलेला कॅमेरा हे सगळं जागेवरच्या माणसांनाच बघावं लागतं. इकडे सॉफ्टवेअरची नस ओळखणारे विद्यार्थी शिक्षण संपलं की पुढे जातात, आणि जायलाच हवेत. त्यांच्या जागी आलेल्यांना सगळं नव्याने शिकावं लागतं. शिवाय काम वाढणारच आहे: चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५मध्ये सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह दाखवले. त्यांतले बरेचसे ७० सेंटिमीटरच्या आवाक्याबाहेरचे असतील, पण जवळून वेगाने जाणाऱ्यांचा पाठलाग अशा छोट्या दुर्बिणींनाच करावा लागेल.

दुर्बिणीला एकदा पैसे देऊन भागत नाही. तिच्यासाठी कायमस्वरूपी अभियंते आणि विदा सांभाळणारे तज्ज्ञ नेमायला हवेत, पवईतही आणि हानलेतही. विज्ञानाच्या अनुदानाचे निर्णय घेणाऱ्यांनी ही तरतूद आत्ताच करावी.