अखेरच्या मुक्कामाची पारख

‘आता उपचारांचा उपयोग नाही, पेशंटला घरी न्या,’ हे वाक्य कर्करोग रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज कोणत्या ना कोणत्या कुटुंबाच्या कानी पडते. तोवर केमोथेरपीच्या तारखा, तपासण्यांच्या फायली आणि खर्चाची तोंडमिळवणी यांत गुरफटलेले घर त्या क्षणी एकदम निराधार होते. घरी न्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, रात्री दोन वाजता वेदना असह्य झाल्या तर कोणाला हाक मारायची, याचे उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नसते. याच टप्प्यावर कोणीतरी ‘हॉस्पिस’ हा शब्द उच्चारतो. त्यापाठोपाठ ‘मरायला नेऊन टाकले’ असा बोल लागेल की काय, ही भीतीही घरात शिरते. अशा मनःस्थितीत एक-दोन दिवसांत निर्णय घ्यायचा असतो आणि तो चुकला तर सुधारण्यास वेळ उरलेला नसतो. म्हणूनच चांगली सेवा कशी ओळखावी, हे वेळेपूर्वी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हॉस्पिस म्हणजे काय?

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात १९६७ साली लंडनमधील ‘सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस’पासून झाली, असे मानले जाते. त्याच्या संस्थापक सिसिली सॉन्डर्स यांनी आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर म्हणून काम केले होते. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची घालमेल, घरची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्न, हे सारे त्या वेदनेचे घटक असतात, ही त्यांची मांडणी. त्यातूनच उपशामक शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आकाराला आली. हॉस्पिस हा तिचा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील भाग.

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत उभे राहिले. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरात ‘शांती आवेदना’ सुरू केले. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे. केरळने तर गावोगावच्या स्वयंसेवकांच्या बळावर घरपोच शुश्रूषेचे जाळे विणले आणि २००८ साली त्यासाठी स्वतंत्र सरकारी धोरण आखले. तरीही गरजेच्या मानाने हे सारे अपुरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा शुश्रूषेची गरज भासते आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना.

अमेरिकेत हॉस्पिस संस्थांविषयी कुटुंबीयांचे मत सर्वेक्षणाने आजमावून सरकारी संकेतस्थळावर जाहीर केले जाते. अशी तयार तुलना भारतात उपलब्ध नाही. उपशामक शुश्रूषेतील भारतीय तज्ज्ञांनी संस्थांना स्वतःचे मूल्यमापन करता यावे म्हणून किमान निकष तयार केले आणि २०१४ साली ते प्रसिद्धही झाले. पण ते संस्थांसाठी आहेत. कुटुंबाला पारख स्वतःच करावी लागते. सुदैवाने त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. काही नेमक्या गोष्टी पाहिल्या, काही नेमके प्रश्न विचारले, तरी बरेच उमगते.

पहिली कसोटी वेदनेची

हॉस्पिसची इमारत कशी आहे, बाग आहे का, खोली वातानुकूलित आहे का, याकडे नातेवाइकांचे लक्ष आधी जाते. ते स्वाभाविक असले तरी पहिला प्रश्न वेगळाच असावा : येथे तोंडाने घ्यायचे मॉर्फिन मिळते का?

कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे प्रभावी आणि स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्याला वेदनाशमनाच्या उपचारात मध्यवर्ती स्थान दिले. औषधासाठी लागणाऱ्या अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे, पण आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने कठीण झाले होते. एकेका संस्थेला अनेक परवाने काढावे लागत. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसह सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरविले. आता राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली संस्था ती बाळगू शकते. म्हणून संस्थेकडे ही मान्यता आहे की नाही, हे सरळ विचारावे. ‘आमच्याकडे तशी गरज पडत नाही’ हे उत्तर मिळाले, तर तेथे वेदनेची नोंदच नीट होत नसावी, असे समजण्यास हरकत नाही.

मॉर्फिन कसे दिले जाते, हेही तितकेच महत्त्वाचे. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. त्यामुळे वेदना उठण्याची वाट न पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे ती द्यावी लागते. मध्येच कळ उठली तर जादा मात्रा किती घ्यावी, हेही लिहून द्यावे लागते. आणखी एक खूण सामान्य माणसालाही पाहता येते. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच होते. तेव्हा त्याच्याबरोबर पोट साफ राहण्याचे औषध चिठ्ठीवर नसेल, तर लिहिणाऱ्याचा या कामाचा अनुभव बेताचा आहे, हे उघड होते. मॉर्फिनचे व्यसन लागेल, या भीतीने रुग्णाला कळा सोसायला लावणारे नातेवाईक आजही आढळतात. चांगली संस्था या शंकेवर चिडत नाही. वेदनेसाठी योग्य मात्रेत घेतलेले औषध आणि व्यसन यांतला फरक ती शांतपणे समजावून सांगते.

हात कोणाचे?

हॉस्पिसचा कणा परिचारिका असते. डॉक्टर दिवसातून एकदा येऊन जातात. तोंड स्वच्छ ठेवणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळविणे, लघवीची नळी सांभाळणे ही कामे रात्रंदिवस चालतात. म्हणून संस्थेला भेट देताना खाटांकडे पाहावे. रुग्णाचे ओठ कोरडे, भेगाळलेले आहेत का? पाठीला शय्याव्रण झाले असल्यास ते येथे येण्यापूर्वीचे की येथे आल्यावरचे? काही कर्करोगांत जखमेला उग्र दुर्गंधी सुटते आणि त्या लाजेने रुग्ण घरच्यांनाही जवळ येऊ देत नाही. हा वास मेट्रोनिडेझोलसारख्या साध्या औषधाने आटोक्यात आणता येतो. ज्या वॉर्डात अशा जखमांचे रुग्ण असूनही वास कोंडलेला नाही, तेथील शुश्रूषेविषयी वेगळ्या प्रशस्तीची आवश्यकता नाही.

येथे एक सावधगिरी हवी. शहरांत ब्युरोची मावशी किंवा वॉर्डबॉय पुरविणाऱ्या सेवा पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही आपल्या फलकावर ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द लावतात. मावशींचे कष्ट मोलाचेच. पण प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका, समुपदेशक आणि औषधांची सोय यांच्याविना ती उपशामक शुश्रूषा होत नाही. डॉक्टर व परिचारिकांनी या विषयाचे शिक्षण कोठे घेतले, हे विचारण्यात संकोच करू नये.

घरी की संस्थेत?

बहुतेक रुग्णांना आपल्याच घरात, आपल्याच माणसांत राहावेसे वाटते. घरी येऊन शुश्रूषा करणारी पथके मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. मात्र दोन खोल्यांच्या घरात, नोकरीवर जाणारी दोन माणसे आणि शाळेत जाणारी मुले असताना हे नेहमीच झेपते असे नाही. चांगली संस्था या दोहोंत भांडण लावत नाही. वेदना आटोक्यात येईपर्यंत दाखल करून घ्यावे, नातेवाइकांना शुश्रूषा शिकवावी आणि रुग्णाला घरी पाठवावे, गरज पडल्यास पुन्हा घ्यावे, असा येण्याजाण्याचा मार्ग ती खुला ठेवते.

घरपोच सेवेची खरी परीक्षा रात्री होते. पथक आठवड्यातून किती वेळा येते, यापेक्षा रात्री फोन केला तर तो कोण उचलते, हा प्रश्न अधिक मोलाचा. ‘ॲम्ब्युलन्स बोलवा’ एवढेच उत्तर मिळणार असेल, तर अखेरचे दिवस पुन्हा अतिदक्षता विभागात जाण्याचा संभव वाढतो. श्वास लागला, उलटी थांबेना, रुग्ण बरळू लागला, तर काय द्यायचे, याची औषधे आणि सूचना आधीच घरात ठेवलेल्या असाव्यात.

खरे बोलण्याची रीत

‘त्यांना काही सांगू नका,’ ही विनंती आपल्याकडे सर्रास केली जाते. प्रेमापोटी केलेल्या या लपवाछपवीत रुग्ण एकटा पडतो. त्याला बहुधा सारे कळलेले असते आणि बोलायला मात्र कोणी नसते. जाणता डॉक्टर सत्य रुग्णावर आदळत नाही आणि खोटेही बोलत नाही. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे तो आधी त्यालाच विचारतो आणि नातेवाइकांची भीतीही ऐकून घेतो.

अन्नाचा प्रश्न असाच नाजूक. ‘चार घास तरी पोटात जावेत’ ही घराघरातली तळमळ. शेवटच्या दिवसांत भूक मंदावते आणि गिळणे कठीण होते. बळेच भरविलेला घास श्वासमार्गात जाऊ शकतो. अशा वेळी नळी घालण्याची घाई न करता ओठ ओले ठेवणे, चमच्याने थेंबभर पाणी देणे यांतूनही माया पोचते, हे सांगणारी परिचारिका कुटुंबाचा अपराधभाव हलका करते.

रुग्णाला कोणते उपचार नको आहेत, याची नोंद संस्था ठेवते का, हेही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करण्याची मुभा दिली. इच्छामरणाचे इंजेक्शन देणे आणि निरर्थक उपचार न करणे या भिन्न गोष्टी आहेत. हॉस्पिस मृत्यू लवकर आणत नाही. उलट बोस्टनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपशामक शुश्रूषा लवकर सुरू झालेले रुग्ण इतर रुग्णांपेक्षा साधारणपणे अडीच महिन्यांहून थोडा अधिक काळ जास्त जगले आणि तेही कमी नैराश्यात.

पैसा आणि कागद

‘शांती आवेदना’ आणि वारज्याचे केंद्र यांसारख्या संस्था रुग्णांकडून शुल्क घेत नाहीत. तेव्हा महाग म्हणजे उत्तम, हे गणित येथे लागू पडत नाही. शुल्क घेणाऱ्या संस्थेने मात्र अनामत रक्कम, औषधे, ड्रेसिंग यांचा खर्च आधीच लेखी सांगावा आणि रुग्ण लवकर गेल्यास उरलेली रक्कम परत मिळेल काय, तेही सांगावे. काही ठिकाणी केवळ कर्करोगाचेच रुग्ण घेतात. मूत्रपिंड, हृदय वा मेंदूच्या असाध्य विकाराचा रुग्ण असल्यास ही चौकशी प्रथम करावी.

घरी मृत्यू आल्यास कारणाचा दाखला कोणते डॉक्टर देणार, हे आधी ठरलेले असावे. एरवी दुःखाच्या त्या पहाटे दाखल्यासाठी डॉक्टर शोधत फिरण्याची पाळी येते आणि स्मशानातील नोंद खोळंबते. उरलेले मॉर्फिन परत घेण्याची व्यवस्था असणे, हेही जबाबदार संस्थेचे लक्षण आहे.

भेटीच्या वेळी विचारावेत असे प्रश्न

- तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आहे का? त्याची मान्यता आहे का?
- वेदना किती आहे, याची नोंद दिवसातून किती वेळा होते?
- रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात?
- रात्री-अपरात्री फोन कोण घेते?
- घरातील माणसाला सोबत राहता येते का? नातवंडांना भेटू देतात का?
- आमचा रुग्ण कोणत्या स्थितीत तुम्ही नाकाराल?
- रुग्ण गेल्यानंतर कुटुंबाची विचारपूस होते का?

यांतील शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटेल. पण मृत्यूनंतर महिनाभराने एखाद्या परिचारिकेचा ‘कसे आहात?’ असा फोन येतो, तेव्हा मागे राहिलेल्या पत्नीला वा मुलाला मनात साचलेले बोलता येते. शिवाय हे सारे प्रश्न रुग्णाची शुद्ध आणि शक्ती शाबूत असतानाच विचारले, तर निवडीत त्याचाही शब्द राहतो. उपचार थांबण्याची वाट पाहून मग धावाधाव करण्यापेक्षा, आजार बरा होणारा नाही असे डॉक्टरांनी सूचित करताच एक-दोन संस्था पाहून ठेवणे, हे निराशेचे नव्हे, काळजीचेच लक्षण आहे.