विश्लेषण : सारे गाव घर सोडते तेव्हा ती प्रथा, एकाला सोडायला लावले तर गुन्हा! आचऱ्याची गावपळण काय सांगते?

मालवण तालुक्यातील आचरा गावात दर तीन-चार वर्षांनी एक दिवस असा येतो की घराघरांना कुलपे लागतात, चुली विझतात आणि माणसांसोबत गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री-मांजरेही वेशीबाहेर पडतात. तीन दिवस आणि तीन रात्री गाव रिकामे राहते. याला म्हणतात गावपळण. बाहेरच्यांना हा प्रकार विचित्र वाटतो, तर चाकरमानी त्यासाठी मुंबईहून रजा काढून येतात. मात्र हेच ‘गाव सोडणे’ एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला सक्तीने आले तर ती शिक्षा ठरते आणि तशी शिक्षा देणाऱ्यांना तुरुंगवास होऊ शकतो. कृती एकच असताना हा फरक का पडतो?

गावपळण म्हणजे नेमके काय?

ग्रामदैवत श्री देव रामेश्वराच्या हुकुमाने सर्व ग्रामस्थांनी ठरलेल्या दिवशी गावाची हद्द सोडायची, अशी ही प्रथा आहे. साधारणपणे पाऊस सरल्यावर, भातकापणी आटोपल्यावर थंडीच्या दिवसांत ती पाळली जाते. कोणी शेजारच्या चिंदर, वायंगणी, त्रिंबकसारख्या गावांच्या हद्दीत राहुट्या आणि झावळ्यांच्या खोपी उभारतात, कोणी नातेवाईकांकडे जातात. एरवी एकमेकांच्या ओटीवर न बसणारी कुटुंबे शेजारी-शेजारी चूल मांडतात. दिवसा मासळीची आमटी आणि पत्त्यांचे डाव, रात्री भजने, फुगड्या असे तीन दिवस जातात. गावातले व्यवहार थंडावतात, दुकाने बंद राहतात.

वर्णन सहलीचे वाटले, तरी त्यामागे बरीच तयारी असते. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, धान्य, जनावरांचा चारा, म्हाताऱ्यांची औषधे, तान्ह्या मुलांचे सामान असे सारे बाहेर न्यावे लागते. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना हे सोपे जाते. हातावर पोट असलेल्यांचा मात्र तीन दिवसांचा रोजगार बुडतो.

‘कौल’ कशासाठी घेतात?

तळकोकणात गावाचे महत्त्वाचे निर्णय ग्रामदेवतेला विचारून घेण्याची जुनी रीत आहे. देवापुढे गाऱ्हाणे घालायचे, पाषाणाला कळे किंवा तांदूळ लावायचे आणि ते कोणत्या बाजूने पडतात त्यावरून देवाचा होकार की नकार हे ओळखायचे. यालाच कौलप्रसाद म्हणतात. गुरव आणि मानकरी यांच्या उपस्थितीत तो घेतला जातो. गावपळण कधी करायची हे देवाच्या हुकुमाने ठरते आणि परतण्यासाठीही कौल लागतो. तीन रात्री सरल्यावर चौथ्या दिवशी कौल घेतला जातो. होकार मिळाला तर गाव परत येते, नाही मिळाला तर मुक्काम वाढतो.

या पद्धतीकडे श्रद्धा म्हणून पाहा किंवा सामूहिक निर्णयाची रीत म्हणून, तिचा एक परिणाम उघड दिसतो. निर्णय कुणा एका घराण्याचा किंवा गटाचा राहत नाही. त्यामुळे ‘अमक्याने आम्हाला बाहेर काढले’ असे म्हणायची वेळ येत नाही. देव सांगतो तो सर्वांनाच सांगतो, मानकऱ्याचे घरही त्यातून सुटत नाही.

ही प्रथा का पडली असावी?

लेखी पुराव्याने पक्के सांगता येईल असे कारण पुढे आलेले नाही. गावात सांगितली जाणारी कारणे वेगवेगळी आहेत. या तीन दिवसांत देव गावाची राखण करतो, भुताखेतांचा बंदोबस्त करतो, अशी श्रद्धा आहे. काही जण प्रथेचा संबंध साथीच्या आजारांशी जोडतात. घरे, विहिरी, पाणंदी काही काळ रिकाम्या राहिल्या की गावाची हवा शुद्ध होते, असे त्यांचे म्हणणे.

साथीचा तर्क अगदीच निराधार नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो राज्यभर पसरला. तेव्हा अनेक गावांतील लोक घरे सोडून रानात, माळावर झोपड्या बांधून राहत. घरात उंदीर मरून पडू लागले की बाहेर पडायचे, हे अनुभवाने कळले होते. मात्र गावपळण त्याहून बरीच जुनी असल्याचे ग्रामस्थ सांगतात. त्यामुळे प्लेगमुळेच ती सुरू झाली असे म्हणता येत नाही.

असे आणखी कुठे घडते?

आचऱ्याची गावपळण सर्वाधिक प्रसिद्ध असली तरी ती एकटी नाही. मालवण तालुक्यातच चिंदर आणि वायंगणी या गावांत ती होते. वैभववाडी तालुक्यातील शिराळे गावात तर ती दरवर्षी पाळली जाते. बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यातील नौरंगिया गावातही वैशाखात एक दिवस सारे ग्रामस्थ घरे सोडून रानात जातात.

इंडोनेशियातील बाली बेटावर याच्या उलट चित्र दिसते. तेथे नववर्षाच्या ‘न्येपी’ या दिवशी चोवीस तास कुणीही घराबाहेर पडायचे नसते. रस्ते ओस पडतात, दिवे मंदावतात, आंतरराष्ट्रीय विमानतळही बंद राहतो. पर्यटकांनाही हॉटेलातच थांबावे लागते. आचऱ्यात सारे बाहेर पडतात, बालीत सारे आत राहतात. दोन्हीकडे नियम सर्वांना सारखा आहे आणि त्याला शेवटही आहे.

सक्तीने घर रिकामे करवले तेव्हा काय झाले?

याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे १८९७ चे पुणे. प्लेग रोखण्यासाठी ब्रिटिश सरकारने वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समिती नेमली. गोरे सैनिक घरात शिरून झडत्या घेऊ लागले, रुग्णांना आणि संशयितांना छावण्यांत हलवले जाऊ लागले, घरातले सामान जाळले गेले. उद्देश साथ रोखण्याचा होता. पण लोकांना विचारले गेले नाही, स्त्रियांची आणि देवघराची आब राखली गेली नाही. संताप इतका साचला की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच प्लेगच्या काळात गावोगावचे लोक आपणहून माळावर झोपड्या बांधत होते आणि पुण्यातले लोक छावणीच्या नावाने हादरत होते. घर दोघांनीही सोडले होते. एकाने स्वतःच्या पायाने सोडले, दुसऱ्याला बखोट धरून बाहेर काढले गेले होते.

गावाने एकालाच बाहेर काढले तर?

त्याला मराठीत जुना शब्द आहे, ‘वाळीत टाकणे’. पूर्वी पाणवठा बंद, न्हावी-धोबी बंद, लग्नकार्यात बोलावणे नाही, मयताला खांदा नाही अशी ही शिक्षा असे. ती देताना ना मार बसतो, ना तुरुंग लागतो, तरी माणूस जिवंतपणी गावाबाहेर पडतो. आंतरजातीय विवाह, जमिनीचा वाद, निवडणुकीत विरोधात गेल्याचा राग अशा कारणांवरून जातपंचायती आणि गावकी असे निर्णय देत असल्याच्या तक्रारी अलीकडच्या काळातही आल्या. कोकणात रायगड जिल्ह्यातून अशी अनेक प्रकरणे पुढे आली.

त्यातूनच विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१७ मध्ये लागू झाला. कुणाला धार्मिक-सामाजिक कार्यात सहभागी होण्यापासून रोखणे, लग्न किंवा अंत्यविधीत अडथळा आणणे, व्यवहार तोडणे, समाजातून बाहेर काढणे अशा अनेक कृती त्याखाली गुन्हा ठरतात. दोषींना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हा विषय कायद्याला सोपा गेलेला नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्येच जातबहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. धार्मिक शिस्तीसाठी बहिष्कृत करणे हा पंथाच्या स्वायत्ततेचा भाग आहे, असे बहुमताचे मत होते. त्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

सरकार ‘तडीपार’ करते, ते कसे चालते?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ५५ ते ५७ नुसार गुन्हेगारी टोळीतील, दहशत माजवणाऱ्या किंवा ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या व्यक्तीला जिल्ह्याबाहेर घालवता येते. त्यालाच तडीपारी म्हणतात. पण त्याला बंधने आहेत. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. त्याआधी आरोपांची माहिती देऊन बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडे दाद मागता येते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकात ही तरतूद वैध ठरवली. मात्र जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात २०२२ मध्ये न्यायालयाने बजावले की तडीपारी हा असाधारण उपाय आहे. त्यामुळे माणसाला स्वतःच्या घरात, कुटुंबासोबत राहता येत नाही, त्याची रोजीरोटीही जाऊ शकते. म्हणून हे हत्यार जपून, क्वचितच वापरायला हवे.

‘क्रूर आणि असाधारण’ शिक्षा म्हणजे काय?

हे शब्द इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कांच्या सनदेतून आले आणि १७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत आठव्या दुरुस्तीने दाखल झाले. योगायोग असा की त्याच १७९१ मध्ये पुण्यात घाशीराम कोतवालाला जमावाने दगडांनी ठेचून मारले. जुलमी कोतवालाला शासन झाले, पण शिक्षा देणारा जमावच होता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सैन्यातून पळालेल्या सैनिकाचे नागरिकत्व काढून घेण्याची शिक्षा रद्द केली. शरीराला इजा न करताही माणसाचे समाजातले स्थानच पुसून टाकणे क्रूर आहे, असा त्यामागील विचार होता. वाळीत पडलेल्या कुटुंबाला हे समजावून सांगावे लागणार नाही. भारताच्या राज्यघटनेत ‘क्रूर आणि असाधारण’ असे शब्द नाहीत. मात्र १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी अनुच्छेद २१ मधूनही तोच परिणाम साधतो, असे स्पष्ट केले.

मग गावपळणीला न जाणाऱ्याचे काय?

खरा प्रश्न इथेच आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून गावपळणीवर आक्षेप घेतले गेले आहेत. प्रथा विचित्र आहे एवढाच आक्षेप असेल, तर त्याला फारसा अर्थ नाही. आपणहून तीन दिवस माळावर राहणे हा कुठलाही गुन्हा नाही. दुसऱ्याला न पटणारी गोष्ट करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे.

पण ज्याची श्रद्धा नाही त्याचे काय? अंथरुणाला खिळलेली आजी, दिवस भरत आलेली सून, परीक्षेला बसलेला मुलगा, रोज पाणी न घातल्यास जळून जाणारी रोपवाटिका यांचे काय? अनुच्छेद २५ ने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे, तसेच सद्सद्विवेकबुद्धीचेही. हव्या त्या ठिकाणी राहण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे. त्यामुळे कुणी घरीच थांबायचे ठरवले, तर कायद्याने त्याला कुणी बाहेर काढू शकत नाही. तो थांबला म्हणून पुढे त्याच्याशी व्यवहार तोडले, तर २०१६ चा कायदा लागू होऊ शकतो.

प्रत्यक्षात सक्ती अशी उघड नसते. ‘देवाचा कौल आहे, एका घराने मोडला तर दोष साऱ्या गावाला’ हे वाक्य पुरेसे असते. पुढे काही अघटित घडले, कुणाचे जनावर दगावले, होडी उलटली, तर बोट कुणाकडे दाखवले जाईल हे थांबणाऱ्याला ठाऊक असते. ही भीती कुठल्याही कलमात बसत नाही. ती दूर करणे गावाच्याच हाती आहे.

एखादी रीत जगावेगळी आहे का, यावरून तिची पारख होत नाही. ती सर्वांना सारखी लागू आहे का, तिला शेवट आहे का आणि नको म्हणणाऱ्याला सुखाने नको म्हणता येते का, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. गावपळण पहिल्या दोन प्रश्नांना सहज उत्तर देते. वाळीत टाकणे तिन्हींत नापास होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दर गावपळणीला, थांबलेल्या एखाद्या घराशी गाव कसे वागते, त्यावरूनच मिळेल.