घोटामागे कान

पहाटे ४.४५

तबेल्यात शिरलो की मी आधी घोड्याकडे बघत नाही, लिदीकडे बघतो. रात्रभरात किती ढीग पडले, गोळे कसे आहेत. जमिनीवर पडून फुटलेले, ओलसर गोळे दिसले की निम्मी काळजी मिटते. बारके, कोरडे, वरून बुळबुळीत असले तर जनावर रात्री पाणी कमी प्यायलंय. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं, नाहीतर पोटशूळ ठरलेला.

माझ्याकडे तीन जनावरं. बादल कुमैत, राणी अबलख, आणि म्हातारा सुलतान, जो आता फक्त लहान पोरांच्या फेऱ्या करतो. माथेरानला पर्यटकांच्या गाड्या दस्तुरीलाच थांबतात, त्यामुळे आमची चूल पेटते. वर्षाची कमाई बहुतेक मे महिन्यात, आणि घोड्याला जड जाणारा महिनाही तोच.

५.१५

चंदी. रात्री भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा आणि वर भरडलेलं खडेमीठ. मिठाशिवाय मी तोबरा चढवत नाही. माणसाच्या घामात पाणी जास्त, मीठ कमी. त्यामुळे रक्त दाट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामातून मीठही पाण्याबरोबरच भरपूर जातं. रक्त दाट झाल्याचं शरीराला कळतच नाही, म्हणून घामाने निथळणारा घोडा भरल्या बादलीवरून तोंड फिरवतो. नवखा मालक म्हणतो, “त्याला तहान नाही.” तहान आहे, जागी झालेली नाही.

गवत या वेळी थोडंच. घोड्याच्या मागच्या आतड्यात चारा आंबत राहतो आणि त्यातून ऊब तयार होते. थंडीत ती फायद्याची. मे महिन्यात चाऱ्याचा मोठा भारा रात्रीच टाकायचा.

६.००

खरारा. लाल धूळ निघता निघत नाही. कालच्या घामाने खोगिराखालच्या गादीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. ती तशीच कडक ठेवून पुन्हा बांधली की दोन दिवसांत पाठ सोलली म्हणून समजा. म्हणून प्रत्येकाच्या दोन गाद्या, एक पाठीवर, एक दोरीवर वाळत.

राणीचं नाक गुलाबी. तिथे केस विरळ, कातडी उघडी. आपल्यासारखंच तिचं नाक उन्हाने पोळतं आणि सोलतं. झिंकचं मलम लावतो. ती पांढरं नाक घेऊन दस्तुरीवर उभी राहिली की पोरं हसतात. हसू देत.

७.०० ते ११.३०

फेऱ्या. सकाळचं सांगण्यासारखं फारसं नाही. झाडी दाट, रस्त्यावर सावली, घोडे खुशीत. ठोकळे बसवलेल्या रस्त्यावर नाल घसरतो, लाल मातीत टाप घट्ट बसते, म्हणून जमेल तिथे मी कडेची माती धरतो.

वजनाचा मात्र रोज वाद. १९६५ च्या केंद्राच्या नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याला ७० किलोची मर्यादा आहे. समोर उभं असतं नव्वदीचं गिऱ्हाईक, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हणतो, “दादा, चढ आहे, तुम्ही चाला, वहिनींना बसवू.” निम्मे ऐकतात.

दर फेरीनंतर जबड्याच्या हाडाखाली दोन बोटं. तिथे नाडी लागते. विसाव्यात असलेल्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. चढून आल्यावर ती वाढणारच. ती उतरते किती वेगाने, हे पाहायचं. दहा मिनिटं सावलीत उभं राहूनही साठीच्या वरच असेल तर पुढची फेरी नाही. मग वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबायचा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत परत गुलाबी झाला पाहिजे.

१२.००

खोगिरं उतरवली. त्याच नियमांत असंही आहे की पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावराला जुंपायचं नाही. आता माथेरानला सावलीत पारा ३७ क्वचितच गाठतो. नेरळ तापतं, आम्ही वर बरे. म्हणजे कागदावर मी दिवसभर फेऱ्या मारायला मोकळा. पण वळवाच्या आधी हवा अशी दमट होते की घाम अंगावरून ओघळतो, वाळत नाही. न वाळलेला घाम अंग गार करत नाही, नुसता वाया जातो. पारा तेवढं सांगत नाही.

१२.४०

“काका, एकच फेरी. शार्लोट लेक. परत जायची घाई आहे.”

“तीनला निघू. तोवर सावलीत बसा, कोकम सरबत घ्या.”

“दुप्पट देतो.”

नकार तोंडातून निघायला वेळ लागतो, हे कबूल करतो. खिशाला दुप्पटचा अर्थ कळतो. पण आठेक वर्षांपूर्वी असंच एक गिऱ्हाईक होतं, आणि तेव्हा मी हो म्हटलं होतं.

बादल तेव्हा नवा होता. परतताना त्याची मान खाली गेली, नाकपुड्या भात्यासारख्या. अंगावरचा फेस वाळला आणि मला बरं वाटलं. म्हटलं, घाम थांबला, गार झाला. मानेला हात लावला तर तवा. गार झाला नव्हता. घाम यायचाच बंद झाला होता. ताप मोजला, ४१ च्या वर. एरवी ३८ च्या आसपास असतो.

माझ्या वडिलांनी शिकवलं होतं की तापल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, अंग आखडतं. पाणीही लगेच पाजू नये. मी हातात बादली घेऊन तसाच उभा. फोनवर डॉक्टर ओरडले, “ओता! मान, पाठ, मांड्या, सगळीकडे ओता, आणि ओतत राहा.” शेजारच्या तबेल्यातले दोघे धावून आले. डोंगरावर मे महिन्यात पाणी मोजून वापरायचं असतं. त्या दिवशी आम्ही दोन पिंपं रिकामी केली. पाऊण तासाने त्याने मान उचलली. उरलेला हंगाम तो तबेल्यातच उभा होता.

पुढे डॉक्टरांनीच सांगितलं की १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी, तिथल्या दमट उन्हाळ्याच्या धास्तीने, यावर बरंच संशोधन झालं. गार पाण्याने घोडा आखडत नाही, वाचतो. बाबा चुकले म्हणायला अजून जीभ रेटत नाही. पण आता घोडा थांबला की मी लगेच पाणी दाखवतो.

आजचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या घोड्यावर बसून गेलं. पैसे गेले, ते गेले.

३.३० ते ६.३०

पुन्हा फेऱ्या. सुलतान दोनच करतो. सूर्यास्ताच्या पॉइंटकडे गर्दी. परतताना अंधारायच्या आत घोडे खाली आणायचे, एवढंच लक्षात ठेवायचं.

७.००

नळी नाही, त्यामुळे तांब्याने आंघोळ. मग खूर. चारही पाय उचलून आकडीने माती काढतो. कोरड्या दिवसांत खुराच्या कडेला बारीक चिरा जातात आणि त्यात खडा बसला की दोन दिवसांत लंगडणं. नालबंद पाचेक आठवड्यांनी येतो. त्याला फोन आधी, किराण्याला नंतर.

संध्याकाळी माश्या. कडुनिंबाचा पाला धुमसवत ठेवतो, लीद लांब नेऊन टाकतो. रक्त पिणाऱ्या मोठ्या माशीला मी भितो, कारण तिच्या चाव्यातून सर्रा पसरतो: चढउतार करणारा ताप, पायांना सूज, खाऊनही झिजत जाणारं अंग. या रोगाचा जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तेव्हाच्या पंजाबात घोड्याउंटांच्या रक्तात शोधला. पाऊस लागला की माश्या वाढतात, म्हणून घोड्यांचं रक्त मी मे अखेरीस तपासून घेतो. साधी जखमही आत्ताच भरून आणायची. पावसात तिच्यावर माशी बसली की ती चिघळत जाते. जुने लोक तिला ‘बरसाती’च म्हणतात.

९.३०

गवताचा मोठा भारा पडला. थंडीत एका घोड्याला २५-३० लिटर पाणी पुरतं, या दिवसांत दुपटीच्या आसपास जातं. बादल्या भरून ठेवतो आणि कंदील खाली करून थोडा वेळ थांबतो.

पाणी पिताना घोड्याचे कान हलतात. दर घोटाला एकदा, मागे आणि पुढे. राणी पिऊन मोकळी झाली. सुलतानने ओठ बुडवले, काढले, पुन्हा बुडवले. बादलने मान खाली घातली आणि मी मोजायला लागलो. अठ्ठावीसवर तो थांबला, माझ्याकडे बघितलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं. मग परत तोंड बुडवलं. एकोणतीस, तीस, एकतीस.