‘अपाची’ वाजवली कोणी?

११ ऑगस्ट २०२३ ला हिपहॉपला पन्नास वर्षं झाली. ब्रॉन्क्समधली १५२०, सेजविक अव्हेन्यू ही इमारत, तिथला डीजे कूल हर्क आणि शाळेच्या नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत म्हणून त्याच्या बहिणीनं ठेवलेली पार्टी, हे सगळं इतक्यांदा सांगून झालं आहे की पुन्हा उगाळायला नको. त्याच १९७३ सालात जन्मलेल्या आणखी एका गोष्टीची पन्नाशी मात्र सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी ‘इन्क्रेडिबल बोंगो बँड’ या नावानं ‘बोंगो रॉक’ हा अल्बम आला. त्यात ‘अपाची’ नावाची पाच मिनिटांच्या आतबाहेरची एक वाद्यधून होती. शब्द नाहीत, गायक नाही. आज हिपहॉपवाले तिला आपलं राष्ट्रगीत म्हणतात. आणि या धूनवर ज्याचे ड्रम वाजतात असं मानलं जातं, तो जिम गॉर्डन २०२३ मध्येच, १३ मार्चला कॅलिफोर्नियाच्या तुरुंगातल्या वैद्यकीय केंद्रात वारला.

रेकॉर्ड जमवणारे, डीजे आणि ब्रेकिंग हा नाच करणारी मंडळी या धूनवरून वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. पहिली कोणाची, वाजवली कोणी आणि मुळात ती चांगली आहे का, असे हे तीन वाद. पहिला वाद पुराव्यानं बऱ्यापैकी मिटतो. दुसऱ्यात खरा जीव आहे. तिसऱ्यात ज्याचा त्याचा कान.

धून बांधली जेरी लॉर्डन या इंग्लिश गीतकारानं. बर्ट लँकेस्टरचा १९५४ चा ‘अपाची’ सिनेमा त्याच्या डोक्यात होता आणि हातात होतं युकुलेले. सगळ्यात आधी ती रेकॉर्ड केली गिटारवादक बर्ट वीडननं, पण ते वाजवणं लॉर्डनला रुचलं नाही. पुढे १९६० मध्ये क्लिफ रिचर्ड आणि ‘द शॅडोज’ यांच्या दौऱ्यात तोही होता. तिथे त्यानं युकुलेलेवर धून ऐकवली, ‘शॅडोज’नी उचलली आणि त्या उन्हाळ्यात ती ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. हँक मार्विनची घुमणारी गिटार आणि सुरुवातीला-शेवटी खुद्द क्लिफ रिचर्डनं वाजवलेला चिनी ढोल. (हा क्लिफ रिचर्ड लखनऊत जन्मलेला.) अमेरिकेत मात्र ‘शॅडोज’ना कोणी विचारलं नाही. तिथे १९६१ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली ती डेन्मार्कच्या यॉर्गन इंगमननं वाजवलेली ‘अपाची’. म्हणजे एका इंग्रजानं हॉलिवूडचा सिनेमा आठवून केलेली चाल अमेरिकेनं एका डॅनिश माणसाच्या बोटांतून ऐकली. ज्यांच्या नावावर ती चालली त्या अपाची लोकांच्या संगीताचा तिच्यात अंशही नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि तो नोंदवूनच पुढे जायला हवं.

इथपर्यंत ‘अपाची’त फंकचा, त्या तालप्रधान नाचत्या संगीताचा, पत्ता नाही. तो आला एका सुमार सिनेमाच्या वाटेनं.

मायकेल व्हाइनर हा एमजीएम रेकॉर्ड्समधला तरुण अधिकारी. रॉबर्ट केनेडी यांच्या १९६८ च्या प्रचारात त्यानं काम केलं होतं. त्याच प्रचारात केनेडींच्या सोबत असलेला आणि गोळीबारानंतर मारेकऱ्याला जेरबंद करणाऱ्यांपैकी एक म्हणजे फुटबॉलपटू रोझी ग्रियर. हा ग्रियर १९७२ मध्ये ‘द थिंग विथ टू हेड्स’ या सिनेमात झळकला. वर्णद्वेष्ट्या गोऱ्या डॉक्टरचं डोकं काळ्या कैद्याच्या धडावर बसवतात, अशी कथा. त्यातल्या पाठलागासाठी संगीत हवं होतं. व्हाइनरनं ते करून दिलं, त्यातली एक चाल थोडीफार चालली आणि कंपनीनं अख्खा अल्बम करायचं ठरवलं. बँड नव्हताच. व्हँकुव्हरच्या कॅन-बेस स्टुडिओत भाड्यानं वाजवणारे वादक जमवले गेले. संगीत संयोजन पेरी बॉटकिन धाकटे यांचं. बोंगो-काँगावर बहामाचा किंग एरिसन, ज्याला जेम्स बाँडच्या ‘थंडरबॉल’मधल्या नाइटक्लबात काँगा बडवताना जगानं पाहिलं होतं. ड्रमवर जिम गॉर्डन.

आता ती धून नीट ऐकू या. सुरुवातीला नुसते ड्रम आणि बोंगो. मग लॉर्डनची चाल गिटारवर, तिच्या मागून ब्रास, ऑर्गन, सगळा लवाजमा. ‘शॅडोज’चे चाहते इथेच कान झाकतात. त्यांचं म्हणणं असं की मार्विननं एका गिटारवर जे माळरान उभं केलं, त्याची इथे जत्रा झाली. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. चालीपुरतं बोलायचं तर ‘शॅडोज’ची ‘अपाची’ सरस आहे, त्यात दुमत व्हायचं कारण नाही. पण मध्यावर एकाएकी सगळी वाद्यं थांबतात. उरतात ते गॉर्डनचे ड्रम आणि एरिसनचे बोंगो. लावणीच्या फडावर पेटी थांबते आणि ढोलकी-हलगीची जुंपते, तसंच हे. गॉर्डन दुसरा आणि चौथा ठोका खुंटी ठोकल्यासारखा जागच्या जागी ठेवतो. एरिसन त्या दोन ठोक्यांमधली रिकामी जागा अशी भरतो की ठोका हलल्याचा भास व्हावा, पण तो हलत नाही. कोणीही घाई करत नाही, कोणीही मिरवत नाही. या भागाला डीजेंच्या भाषेत ‘ब्रेक’ म्हणतात. ‘अपाची’ श्रेष्ठ आहे की नाही हा तिसरा वाद निकालात काढायचा असेल तर तो इथे काढावा, चालीवर नव्हे.

रेकॉर्ड बाजारात फारशी चालली नाही. कूल हर्कच्या हाती ती पडली आणि तिचं नशीब पालटलं. त्याच्या लक्षात आलं होतं की नाचणारी पोरं गाण्यातल्या ब्रेकची वाट बघत उभी राहतात. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर चढवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू, तोवर पहिलीची सुई पुन्हा मागे. काही सेकंदांचा ताल मिनिटंच्या मिनिटं चालू राहिला. नाचणारे ते ‘ब्रेक बॉइज’, म्हणजेच बी-बॉय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदकासाठी उतरलेलं ब्रेकिंग इथून निघालं आणि धारावीतली पोरं फरशीवर हात टेकून गिरकी घेतात तेही याच वंशातलं. ग्रँडमास्टर फ्लॅश तर रेकॉर्डवर क्रेयॉननं खूण करायचा, म्हणजे ब्रेक कुठे सुरू होतो ते अंधारातही दिसावं. त्याच्या १९८१ च्या ‘व्हील्स ऑफ स्टील’वाल्या गाजलेल्या मिश्रणात ‘अपाची’ आहे. त्याच वर्षी शुगरहिल गँगनं ती नव्यानं वाजवून वर रॅप चढवला. २००२ मध्ये नासच्या ‘मेड यू लुक’साठी सलाम रेमीनं तोच ब्रेक संथ करून वापरला. संगीतसमीक्षक माइकेलँजेलो मॅटोस यांनी तर ‘सगळे रस्ते अपाचीकडे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक दीर्घ निबंध लिहून या धूनचे अवतार एकामागोमाग उलगडले आहेत.

एवढी वाजलेली धून, तरी वादकांची नावं वादात का? कारण ती दोनदा पुसली गेली.

एकदा कंपनीनं पुसली. अल्बमवर वादकांची यादीच नव्हती, त्यामुळे वावड्यांना मोकळं रान मिळालं. व्हाइनरची रिंगो स्टारशी दोस्ती होती, म्हणून रिंगोनं एखाद्या ट्रॅकवर हात साफ केला असणार असं सांगणारे आजही भेटतात. कोणी जॉन लेननपर्यंत जातात. दुसऱ्यांदा नाव पुसलं ते डीजेंनी. हर्क रेकॉर्ड पाण्यात भिजवून तिच्यावरचं लेबल सोलून काढायचा. ही युक्ती त्याला वडिलांनी दिली होती. त्यांच्या मूळच्या जमैकात साउंड सिस्टिमवाले तेच करत. हेतू साधा होता. स्पर्धक डीजेनं जवळ येऊन डोकावलं तरी नाव वाचता येऊ नये. म्हणजे ज्या पिढीनं हा ताल डोक्यावर घेतला, तिच्यातल्या कित्येकांना रेकॉर्डचं नावच माहीत नव्हतं, वादकांचं तर दूरच. पुढे पत्रकारांनी, संग्राहकांनी आणि ‘सॅम्पल धिस’ या माहितीपटानं माग काढत गॉर्डन आणि एरिसन ही नावं वर आणली.

नावासोबत पैसाही गेला, आणि तो का गेला हे समजून घेण्यासारखं आहे. कोणी रेकॉर्डिंगचा तुकडा रीतसर घेतला की पैसे दोन दारांशी जातात. एक, चाल बांधणाऱ्याकडे आणि त्याच्या प्रकाशकाकडे. दोन, रेकॉर्डिंगच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे. स्टुडिओत बसून ताल रचणारा ड्रमर दोन्ही दारांबाहेर. त्याला त्या दिवसाची बिदागी मिळाली, हिशेब संपला. जो ब्रेक लोक उचलतात त्यात लॉर्डनच्या चालीचा एक सूर नाही. तरी गीतकार म्हणून नाव लागतं ते लॉर्डनचं.

गॉर्डनच्याच आयुष्यात या व्यवस्थेची दुसरी बाजू आहे. डेरेक अँड द डॉमिनोजच्या ‘लैला’ या गाण्याच्या शेवटी पियानोचा लांब तुकडा येतो. त्यासाठी एरिक क्लॅप्टनसोबत सहलेखक म्हणून गॉर्डनचं नाव लागलं. गायिका रिटा कूलिज यांचं म्हणणं आहे की ती चाल मुळात त्यांची होती, आणि त्यांचं नाव कुठेच आलं नाही. स्किझोफ्रेनियानं ग्रासलेल्या गॉर्डननं १९८३ मध्ये स्वतःच्या आईचा खून केला आणि उरलेलं आयुष्य तुरुंगात काढलं. तिथे त्याला ‘लैला’ची रॉयल्टी मिळत राहिली. १९९३ मध्ये ‘लैला’ला मिळालेल्या ग्रॅमीतही क्लॅप्टनबरोबर त्याचा वाटा होता. पियानोचा तुकडा कागदावर ‘रचना’ ठरला म्हणून पैसे आले. ‘अपाची’चा ताल ‘रचना’ ठरला नाही म्हणून आले नाहीत. त्या खुनाची भीषणता कोणत्याही वादनानं कमी होत नाही. पण वाजवलेलं कोणाचं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर खरं दिलं पाहिजे.

‘अपाची’ एकटी नाही. ‘द विन्स्टन्स’च्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमननं वाजवलेले काही सेकंदांचे ड्रम हजारो गाण्यांत वापरले गेले. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. कायद्यानं जे दिलं नाही ते ऐकणाऱ्यांनी दिलं, कोलमनला मात्र ते पोहोचलं नाही.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही, कारण मुंबईच्या स्टुडिओंत नेमकं हेच घडलं. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले ग्रेगरी बूथ यांनी हिंदी सिनेमाच्या वादकांना घरोघरी जाऊन गाठलं आणि २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं. फंकच्या वादावर सर्वात उपयोगी पुस्तक कोणतं असं विचारलं तर हेच नाव घ्यावं लागेल, जरी त्याचा विषय फंक नाही. बूथ यांनी वादकांनाच बोलतं केलं. सुरावट कोणी सुचवली, कोणी कागदावर उतरवली, कोणी वाजवली, आणि पडद्यावर नाव एकट्या संगीतकाराचं कसं आलं, हे त्यातून कळतं. गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, पारशी लॉर्ड कुटुंब. गोन्साल्विसांचं नाव तरी १९७७ च्या सिनेमात त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे अजरामर झालं, तेही विनोदी पात्राच्या तोंडी. आणि बोंगो म्हणाल तर हिंदी सिनेसंगीतात ते रुजवणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचं नाव अग्रणी आहे. राहुल देव बर्मन यांच्या तालविभागातले मारुतीराव कीर, रेसो-रेसोवरचे अमृतराव काटकर ही तर मराठी माणसं. त्यांचा ताल ओळखीचा आहे, नावं किती जणांना सांगता येतात?

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. त्यासाठी लढणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. मात्र वाद्यवृंदातल्या माणसाचं नाव साध्या यादीतही नसेल, तर हक्क मागायचा कशाच्या जोरावर?

तेव्हा वादाचा निकाल असा. चाल लॉर्डनची, कायमची. तिचं उत्तम वादन ‘शॅडोज’चं. पण ब्रॉन्क्सनं उचललेली, बी-बॉयच्या पायांत उतरलेली ‘अपाची’ गॉर्डन आणि एरिसन यांची आहे आणि ती जिथे जिथे नव्यानं छापली जाईल तिथे ही दोन नावं ठळक छापली गेली पाहिजेत. आपल्याकडे तर अजून विचारायला माणसं शिल्लक आहेत. ज्यांच्या घरी वादक वडिलांची किंवा आजोबांची रेकॉर्डिंगची वही असेल, तारखा, स्टुडिओ, मिळालेले पैसे अशा नोंदी असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये. तिची पानं स्कॅन करून एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागाकडे किंवा अभिलेखागाराकडे द्यावीत. वादक हयात असतील तर त्यांच्यासमोर गाणी लावून, कुठलं वाद्य कोणी वाजवलं ते याच महिन्यात लिहून घ्यावं.